पडद्यावर प्रेम करायला बंदी असलेली हिरोईन : ॲना मे वाँगची गोष्ट

डिसेंबर २०१९. 'स्टार वॉर्स'चा नववा सिनेमा 'द राईज ऑफ स्कायवॉकर' थिएटरला लागला. चार दशकांपासून चालत आलेली स्कायवॉकर घराण्याची गोष्ट इथं संपणार होती, त्यामुळे जगभरातले फॅन्स आपापल्या लाडक्या जोड्यांचं काय होतंय याकडे डोळे लावून बसले होते. कुणाला वाटत होतं फिन आणि पो यांच्या मैत्रीचं प्रेमात रूपांतर होईल. कुणाला फिन आणि रोझ एकत्र आलेले बघायचे होते, कारण २०१७ च्या आधीच्या सिनेमात रोझने फिनचा जीव वाचवून त्याला किस केलं होतं.

झालं काय? किस मिळाला तो रे आणि कायलो रेन या जोडीला. फिन आणि पो मित्रच राहिले. दोन स्त्रियांनी एकमेकींना किस करण्याचा एक क्षण सिनेमात होता, पण त्या दोघी अगदी कडेच्या पात्रं होत्या आणि सिंगापूरमध्ये तेवढाही कापला गेला. आणि रोझ? ती भूमिका केली होती केली मेरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन अभिनेत्रीने. 'स्टार वॉर्स'मध्ये एवढी मोठी भूमिका मिळालेली ती पहिली आशियाई वंशाची अभिनेत्री. आधीच्या सिनेमानंतर सोशल मीडियावर तिला इतका त्रास दिला गेला की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. पुढच्या सिनेमात तिच्या वाट्याला आली जेमतेम सव्वा मिनिटाची जागा. फिनसोबतच्या त्या किसचं पुढं काय झालं, याचा सिनेमात कुणी विषयही काढला नाही.

फॅन्स चिडले, हॅशटॅग चालले, लेख आले. पण पडद्यावर कुणी दिसावं आणि दिसल्यावर त्याला प्रेम करायला मिळावं का, हा प्रश्न काही २०१९ चा नाही. याच हॉलिवूडमध्ये शंभर वर्षांपूर्वी एक मुलगी स्टार झाली होती. तिचे फोटो युरोपातल्या मासिकांत छापून यायचे, तिच्या फॅशनची नक्कल व्हायची, लोक तिला बघायला तिकीट काढायचे. पण गोष्टीत हिरोचा हात कायमचा धरायची परवानगी तिला नव्हती. परवानगी नव्हती म्हणजे खरोखरच नव्हती, त्यासाठी कायदे आणि नियम केलेले होते.

तिचं नाव ॲना मे वाँग. हॉलिवूडची पहिली चिनी-अमेरिकन स्टार.

लॉन्ड्रीवाल्याची मुलगी

३ जानेवारी १९०५ ला लॉस एंजेलिसमध्ये तिचा जन्म झाला. घरचं नाव वाँग लिऊ त्सोंग. सात भावंडांत ती दुसरी. वडील वाँग सॅम सिंग यांचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं. त्या काळात अमेरिकेत चिनी माणसाला जे मोजके धंदे करता यायचे, त्यातला हा एक.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ॲनाचे वडीलसुद्धा कॅलिफोर्नियातच जन्मलेले होते. म्हणजे हे कुटुंब कालपरवा बोटीतून उतरलेलं नव्हतं. तरी शाळेत ॲना आणि तिच्या मोठ्या बहिणीला इतर पोरं चिनी म्हणून इतकं छळायची की घरच्यांना त्यांची शाळा बदलावी लागली.

हा सगळा प्रकार फक्त शाळेपुरता नव्हता. १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी कामगारांना देशात यायलाच बंदी घातली होती. अमेरिकेत जन्मलेल्या चिनी माणसालाही परदेशी जायचं झालं तर आधी सरकारी फॉर्म भरून आपण इथलेच आहोत हे सिद्ध करावं लागायचं, नाहीतर परतताना बंदरावरच अडवलं जाण्याची भीती. ॲना पुढं जगप्रसिद्ध झाली तरी हे कागद तिला चुकले नाहीत.

आणि ज्या वर्षी तिचा जन्म झाला त्याच वर्षी, १९०५ मध्ये, कॅलिफोर्नियाने आपल्या कायद्यात एक दुरुस्ती केली. गोऱ्या माणसाचं चिनी-जपानी वंशाच्या माणसाशी झालेलं लग्न बेकायदा ठरवलं. अशा जोडप्यांना लग्नाचा परवाना द्यायचा नाही हे १८८० पासूनच होतं, आता लग्नच रद्द. हा कायदा पुढं तिच्या करिअरवर कसा बसला ते बघूच.

शाळा बुडवून शूटिंग

लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा सिनेमाचा धंदा नुकताच बस्तान बसवत होता. शूटिंग रस्त्यावरच चालायचं, आणि चायनाटाऊन तर निर्मात्यांची आवडती जागा. छोटी ॲना शाळा बुडवायची, शूटिंगच्या घोळक्यात जाऊन उभी राहायची, खाऊच्या पैशातून सिनेमे बघायची. अकराव्या वर्षापर्यंत तिने स्वतःसाठी नावसुद्धा ठरवून टाकलं होतं. इंग्रजी नाव आणि घरचं आडनाव जोडून झालं ॲना मे वाँग.

१९१९ च्या 'द रेड लँटर्न' या सिनेमासाठी शेकडो चिनी मुली गर्दीसाठी हव्या होत्या. ॲना त्या गर्दीत कंदील धरून उभी राहिली. १९२१ मध्ये तिने शाळा सोडली आणि पूर्णवेळ सिनेमात उतरली. त्याच वर्षी 'बिट्स ऑफ लाईफ'मध्ये पहिल्यांदा पडद्यावर तिचं नाव आलं.

मग १९२२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, 'द टोल ऑफ द सी'. यात ती चक्क हिरोईन होती. हा टेक्निकलरच्या दोन रंगांच्या तंत्रावर बनलेला सुरुवातीच्या काळातला सिनेमा, म्हणजे मूकपटांच्या जमान्यात रंगीत दिसलेल्या पहिल्या हिरोईन्सपैकी ती एक.

पण गोष्ट काय होती? समुद्रातून वाहत आलेल्या एका अमेरिकन माणसाला एक चिनी मुलगी वाचवते. दोघं प्रेमात पडतात, चिनी रिवाजाने लग्न होतं. तो अमेरिकेला परत जातो, तिथं गोरी बायको करतो आणि तिला घेऊनच परत येतो. शेवटी ही मुलगी आपलं लेकरू त्या दोघांच्या हवाली करते आणि समुद्रात जीव देते.

समीक्षकांनी तिच्या अभिनयाचं भरभरून कौतुक केलं. आता या मुलीला मोठी कामं मिळणार, असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात मिळालं ते वेगळंच. १९२४ मध्ये डग्लस फेअरबँक्सच्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये ती कटकारस्थान करणारी मंगोल दासी झाली. सिनेमा तुफान चालला, ती घराघरात पोचली. पण त्यानंतरही एक तर दासी, नाहीतर खलनायिका, नाहीतर कुणाच्या तरी प्रेमात झुरून मरणारी पोर. यापलीकडे तिला काम मिळेना.

चिनी हिरोईन हवी, पण चिनी बाई नको

इथं एक प्रश्न पडतो. हॉलिवूडमध्ये तेव्हा चीनवरचे सिनेमे कमी बनत होते का? उलट, भरपूर बनत होते. मग त्यातल्या हिरोईन कोण होत्या?

तर गोऱ्या. डोळे ओढून घ्यायचे, तोंडाला पिवळसर मेकअप फासायचा आणि झाली चिनी बाई तयार. या प्रकाराला पुढं यलोफेस असं नाव पडलं. १९२७ च्या 'मिस्टर वू'मध्ये चिनी हिरोईन होती रेने अडोरे ही फ्रेंच अभिनेत्री, आणि खरीखुरी चिनी ॲना दुय्यम भूमिकेत. १९२८ च्या 'द क्रिमसन सिटी'मध्ये चिनी नायिका म्हणून मर्ना लॉय, आणि ॲना पुन्हा बाजूला.

यामागचं गणित समजून घेतलं की पुढची सगळी गोष्ट कळते.

सिनेमाचा हिरो गोरा असेल, तर त्याच्यासमोर खरी आशियाई अभिनेत्री चालत नसे. कारण दोघांचं प्रेम दाखवलं की अनेक राज्यांतली सेन्सॉर मंडळं कात्री लावणार, दक्षिणेकडची थिएटर्स सिनेमा लावणार नाहीत आणि निर्मात्याचं नुकसान होणार. फार तर प्रेम दाखवा, पण शेवटी तिला मारा.

मग हिरोच चिनी असेल तर? तर तो मोठा स्टार हवा, आणि मोठे स्टार सगळे गोरे. म्हणजे गोरा माणूस चिनी मेकअप करून हिरो होणार. आता त्याच्यासमोर खरी चिनी अभिनेत्री ठेवली की पुन्हा तोच घोळ, कारण मेकअपखाली माणूस गोराच. म्हणून हिरोईनही मेकअप केलेली गोरीच.

कुठूनही आलात तरी ॲनासाठी दार बंद. १९३० मध्ये हॉलिवूडने स्वतःच स्वतःवर घालून घेतलेली नियमावली, म्हणजे हेज कोड, आली आणि १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली. त्यात गोऱ्या आणि काळ्या वंशांमधले प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती. नियमात शब्द काळ्यांबद्दल होते, पण स्टुडिओवाले आशियाई लोकांच्या बाबतीतही तोच न्याय लावत. आधी जे धंद्याच्या भीतीने चालायचं, त्याला आता नियमाचा आधार मिळाला.

दार तिने स्वतः उघडलं, पण युरोपात

१९२८ मध्ये वैतागून ॲनाने हॉलिवूड सोडलं आणि थेट बर्लिन गाठलं. दिग्दर्शक रिचर्ड आयशबर्गने तिला 'सोंग' या सिनेमात घेतलं आणि जर्मनीने तिला डोक्यावर घेतलं. फोटोग्राफर आल्फ्रेड आयझेनश्टेटने बर्लिनमधल्या एका समारंभात काढलेला एक फोटो आजही प्रसिद्ध आहे. त्यात मार्लीन डीट्रिख आणि लेनी रिफेनश्टाल यांच्यासोबत ॲना उभी आहे. विचारवंत वॉल्टर बेंजामिन तिला भेटला आणि त्याने तिच्यावर लेख लिहिला.

ॲना नुसती मिरवत नव्हती. ती जर्मन आणि फ्रेंच शिकली. लंडनच्या रंगभूमीवर 'द सर्कल ऑफ चॉक' या नाटकात तिच्यासोबत होता तरुण लॉरेन्स ऑलिव्हिए. तिथं समीक्षकांनी तिच्या कॅलिफोर्नियाच्या बोलीवर टीका केली, तर तिने केंब्रिजमध्ये उच्चारांची शिकवणी लावली. व्हिएन्नामध्ये तिने जर्मन भाषेत संगीत नाटक केलं. १९३० चा तिचा पहिला बोलपट 'द फ्लेम ऑफ लव्ह' इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांत बनला आणि तिन्हीकडे तीच बोलली.

याच काळातला तिचा सगळ्यात गाजलेला सिनेमा म्हणजे १९२९ चा ब्रिटिश मूकपट 'पिकॅडिली'. लंडनच्या एका नाईट क्लबमध्ये भांडी घासणारी शोशो नावाची मुलगी डान्सर होते आणि क्लबचा गोरा मालक तिच्या प्रेमात पडतो. सिनेमात एक प्रसंग आहे. एका दारूच्या गुत्त्यात एक गोरी बाई एका काळ्या माणसासोबत नाचते आणि लोक त्यावरून गोंधळ घालतात. शोशो आणि मालक दोघं हे शांतपणे बघत उभे असतात. आपलं काय होऊ शकतं हे त्यांना कळतं आणि प्रेक्षकांनाही.

आणि तसंच झालं. त्या दोघांचा किस प्रेक्षकांना कधीच दिसला नाही. शेवटी शोशोचा खून होतो.

म्हणजे युरोपात मान मिळाला, मुख्य भूमिका मिळाल्या, पोस्टरवर चेहरा आला. पण किस तिथंही अडकला आणि मरण तिथंही चुकलं नाही. 'सोंग'मध्येसुद्धा ती शेवटी मरतेच.

परत हॉलिवूड

युरोपातलं नाव ऐकून पॅरामाउंटने तिला मोठ्या भूमिकांचं आश्वासन दिलं आणि १९३० मध्ये ती अमेरिकेत परतली. ब्रॉडवेवर 'ऑन द स्पॉट' हे तिचं नाटक चांगलं चाललं. पण ते सुरू असतानाच एका मोटारीच्या धडकेत तिची आई गेली.

१९३१ मध्ये 'डॉटर ऑफ द ड्रॅगन' आला. त्यात फू मांचू या चिनी खलनायकाच्या मुलीची भूमिका ॲनाकडे होती. फू मांचू कोण होता? वॉर्नर ओलँड, मूळचा स्वीडनचा. गंमत बघा, सिनेमात ओलँड पडद्यावर होता अवघी तेवीस मिनिटं आणि त्याला मिळाले १२ हजार डॉलर्स. जपानी अभिनेता सेसू हायाकावाला मिळाले १० हजार. आणि जिच्या नावावर सिनेमा होता त्या ॲनाला ६ हजार.

१९३२ चा 'शांघाय एक्सप्रेस' तिच्या हॉलिवूडमधल्या कामांत सगळ्यात लक्षात राहिला. हिरोईन मार्लीन डीट्रिख, पण हुई फेईच्या भूमिकेत ॲना फार थोडं बोलून सगळ्यांचं लक्ष ओढून घेते. अत्याचार करणाऱ्या सरदाराला तीच मारते आणि बाकीच्या प्रवाशांची सुटका होते. प्रेमकथा मात्र डीट्रिखच्या वाट्याला. त्याच वर्षी 'द सन-डॉटर' या सिनेमात चिनी मुलीची मुख्य भूमिका होती. ॲनाला नाकारलं गेलं, कारण काय, तर ती जास्तच चिनी दिसते. ती भूमिका हेलन हेजने मेकअप करून केली.

'द गुड अर्थ' : ज्याची सगळे वाट बघत होते

आता येऊ तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रसंगाकडे.

१९३१ मध्ये पर्ल बक यांची 'द गुड अर्थ' ही कादंबरी आली. चिनी शेतकरी वाँग लुंग आणि त्याची बायको ओ-लान यांच्या संसाराची गोष्ट. पुस्तक प्रचंड खपलं, पुलित्झर मिळालं. एमजीएम स्टुडिओ त्यावर मोठा सिनेमा करणार असं ठरलं.

चिनी नवरा-बायको, त्यांची गरिबी, दुष्काळ, पोरंबाळं. खलनायिका नाही, दासी नाही, हिरोसाठी जीव देणारी फुलपाखरू नाही. हॉलिवूडमध्ये एका चिनी बाईला माणूस म्हणून उभं करणारी अशी भूमिका याआधी आली नव्हती. ॲनाने आपल्याला ओ-लान करायची आहे हे उघडपणे सांगितलं. १९३३ पासूनच लॉस एंजेलिसची वर्तमानपत्रं या भूमिकेसाठी तिचं नाव घेत होती. आज फॅन्स ट्विटरवर करतात तसंच काहीसं, फक्त छापील कागदावर.

मग स्टुडिओने वाँग लुंगच्या भूमिकेसाठी पॉल म्यूनीला घेतलं. गोरा अभिनेता. वर सांगितलेलं गणित आठवा. नवरा गोरा म्हटल्यावर बायको चिनी कशी चालेल? ओ-लानची भूमिका गेली जर्मनीत जन्मलेल्या लुईस रायनरकडे.

ॲनाचा विचार झाला तो लोटससाठी. लोटस म्हणजे वाँग लुंगने पैसा आल्यावर आणलेली रखेल, जिच्यामुळे घर मोडायची वेळ येते. सगळी मुख्य चिनी पात्रं गोऱ्यांनी करायची आणि त्यातलं एकमेव वाईट बाईचं पात्र खऱ्या चिनी अभिनेत्रीने करायचं, हे ॲनाला मान्य नव्हतं. ती या सिनेमात दिसली नाही. लोटस केली ऑस्ट्रियन नर्तकी टिली लॉशने.

दुसऱ्या बाजूनेही तिची कोंडी झाली होती. चीनवरचा सिनेमा म्हणून चीन सरकारचा सल्लागार घेतला होता आणि तोही ॲनाच्या विरोधात होता. तिने आजवर वेश्या, दासी आणि कपटी बायकांच्या भूमिका करून चीनची बदनामी केली, असा तिकडचा सूर होता. म्हणजे हॉलिवूड तिला वाईट भूमिकांपलीकडे काही देत नव्हतं आणि चीन तिला वाईट भूमिका का केल्या म्हणून नाकारत होता.

'द गुड अर्थ' १९३७ मध्ये आला. ओ-लानसाठी लुईस रायनरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

मुंबईत जन्मलेली दुसरी हिरोईन

याच काळात हॉलिवूडमध्ये आशियाई रक्ताची आणखी एक हिरोईन होती आणि ती मात्र दणक्यात प्रेमकथा करत होती. तिचं नाव मर्ल ओबेरॉन. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, १९३९ मध्ये 'वदरिंग हाइट्स'ची नायिकाही तीच.

मर्लचा जन्म १९११ मध्ये आपल्या मुंबईत झाला होता आणि तिचं बालपण भारतातच गेलं. पण तिने आयुष्यभर सांगितलं की आपण ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या. आई मिश्र वंशाची, रंग उजळ, वर मेकअप आणि खास प्रकाशयोजना, त्यामुळे ते खपून गेलं. १९७९ मध्ये ती गेली, त्यानंतर तिच्या चरित्रातून खरं बाहेर आलं.

दोघींची तुलना केली की हॉलिवूडचा सौदा स्पष्ट दिसतो. मर्लला हिरो मिळाला, पण स्वतःचं गाव आणि आई लपवावी लागली. ॲनाला लपवण्याची सोयच नव्हती, चेहरा सगळं सांगत होता. म्हणून तिला नाव मिळालं, पण हिरो मिळाला नाही.

बापाच्या गावाला

'द गुड अर्थ'ची दारं बंद झाल्यावर जानेवारी १९३६ मध्ये ॲना आयुष्यात पहिल्यांदाच चीनला निघाली. तिथलं पारंपरिक नाटक शिकायचं, भाषा शिकायची, पूर्वजांचा देश बघायचा असा बेत होता. प्रवासाबद्दल ती एका अमेरिकन वर्तमानपत्रासाठी लेखही लिहीत होती.

शांघायमध्ये स्वागत झालं, तशी तिच्या भूमिकांवरून बोलणीही ऐकावी लागली. घरात दक्षिणेकडची बोली, त्यामुळे चीनच्या इतर भागांत गेल्यावर भाषेची अडचण. अमेरिकेत जी जास्तच चिनी, ती चीनमध्ये अमेरिकन ठरली. वडील तेव्हा गुआंगडोंग प्रांतातल्या मूळ गावी राहत होते, त्यांनाही ती भेटून आली. प्रख्यात नट मेई लानफांग यांची भेट झाली. या प्रवासाचं चित्रीकरण तिने सोबत कॅमेरामन घेऊन करून ठेवलं. हॉलिवूडच्या सेटवर उभारलेला चीन तिने बराच बघितला होता, आता खरा चीन तिने स्वतः टिपला.

शेवटी एकदा लग्नाची मागणी

परत आल्यावर तिने पॅरामाउंटसोबत कमी बजेटचे सिनेमे केले. आणि जे मोठ्या सिनेमांत जमलं नाही, ते इथं जमलं.

१९३७ चा 'डॉटर ऑफ शांघाय' तासाभराचा थरारपट. वडिलांच्या खुनाचा छडा लावण्यासाठी एक चिनी-अमेरिकन तरुणी वेषांतर करून माणसांची तस्करी करणाऱ्या टोळीत शिरते. तिच्यासोबत सरकारी गुप्तहेर आहे, तोही चिनी-अमेरिकन. ही भूमिका केली फिलिप आन याने. फिलिप कोरियन-अमेरिकन, आणि ॲनाचा शाळेच्या दिवसांपासूनचा मित्र. कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते आन चांग-हो यांचा तो मुलगा.

सिनेमाच्या शेवटी दोघं जिवंत असतात, गुन्हेगार पकडले जातात आणि हिरो हिरोईनला लग्नाची मागणी घालतो. एवढंच. आपल्याकडे तर निम्मे सिनेमे इथंच संपतात. पण दोन आशियाई-अमेरिकन कलाकार हिरो-हिरोईन, दोघंही शूर आणि शेवट गोड, हे त्या काळच्या हॉलिवूडमध्ये जवळपास अशक्य होतं. २००६ मध्ये अमेरिकेने हा सिनेमा आपल्या राष्ट्रीय चित्रपट ठेव्यात जपण्यासाठी निवडला.

हे शक्य का झालं? एक तर बजेट कमी, त्यामुळे मोठ्या गोऱ्या स्टारची सक्ती नव्हती. दुसरं, हिरोही खरा आशियाई होता, म्हणून नियम आडवा आला नाही. १९३९ च्या 'किंग ऑफ चायनाटाऊन'मध्ये तर ती सर्जन झाली. पण मधल्या काळात जुनं सुटलंही नव्हतं. १९३८ च्या 'डेंजरस टू नो'मध्ये तिचं पात्र पुन्हा जीव देतंच.

मग दुसरं महायुद्ध आलं. जपानने चीनवर हल्ला केला होता, तेव्हा ॲनाने सिनेमापेक्षा चीनसाठी मदत गोळा करण्यात जास्त वेळ घातला. स्वतःचे कपडे लिलावात काढले, १९४२ मध्ये केलेल्या दोन युद्धपटांचं मानधन चीनच्या मदतनिधीला दिलं. १९४३ मध्ये अमेरिकेने चिनी लोकांवरची बंदी उठवली, कारण चीन आता युद्धातला मित्र होता. पण वर्षाला फक्त १०५ जणांना प्रवेश. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या वंशांतल्या लग्नांवरची बंदी रद्द केली. ॲना तेव्हा ४३ वर्षांची होती. तिने लग्न कधीच केलं नाही.

टीव्हीवर पहिली, पण एकही एपिसोड शिल्लक नाही

१९५१ मध्ये ड्यूमाँट या टीव्ही नेटवर्कवर 'द गॅलरी ऑफ मादाम लिऊ-त्सोंग' ही मालिका आली. कलादालन चालवणारी आणि गुन्ह्यांचा शोध लावणारी एक चिनी बाई तिच्या केंद्रस्थानी होती. आशियाई-अमेरिकन कलाकार मुख्य भूमिकेत असलेली ही अमेरिकेतली पहिली टीव्ही मालिका. पात्राचं नावही ॲनाच्या खऱ्या नावावरून ठेवलेलं. काही महिन्यांत मालिका बंद झाली. पुढं ड्यूमाँटही बुडालं, त्याच्या बऱ्याच कार्यक्रमांच्या फिल्म्स नष्ट झाल्या. या मालिकेचा एकही एपिसोड आज उपलब्ध नाही.

१९५६ मध्ये हेज कोडमधून वेगवेगळ्या वंशांतल्या प्रेमावरची बंदी काढली गेली. तोवर ॲना पन्नाशी ओलांडून गेली होती आणि तब्येतीने साथ सोडायला सुरुवात केली होती. १९६० मध्ये हॉलिवूडच्या वॉक ऑफ फेमवर तिच्या नावाचा तारा बसला. त्याच वर्षी 'पोर्ट्रेट इन ब्लॅक'मधून ती मोठ्या पडद्यावर परतली, पण भूमिका घरकाम सांभाळणाऱ्या बाईची.

मग आला 'फ्लॉवर ड्रम साँग'. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधली प्रेमं, रुसवे, लग्नं, गाणी आणि जवळपास सगळे कलाकार आशियाई वंशाचे. ॲनाने ज्याची आयुष्यभर वाट बघितली, तसा मोठा हॉलिवूडपट. त्यात मादाम लियांगच्या भूमिकेसाठी तिची निवड झाली होती. पण ३ फेब्रुवारी १९६१ ला सांता मोनिकामधल्या घरी झोपेतच हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. वय ५६. भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीने केली आणि सिनेमा त्याच वर्षाच्या शेवटी लागला.

मग तिची आठवण आज का काढायची?

२०२२ मध्ये अमेरिकेने पाव डॉलरच्या नाण्यावर ॲनाचा चेहरा छापला. अमेरिकन चलनावर आलेली ती पहिली आशियाई-अमेरिकन व्यक्ती. ज्या देशात बाहेर जाताना तिला आपण इथलेच आहोत हे कागदावर सिद्ध करावं लागायचं, त्याच देशाच्या नाण्यावर ती बसली. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये मिशेल यो हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. हा पुरस्कार जिंकणारी ती पहिली आशियाई अभिनेत्री. लुईस रायनरला ओ-लानसाठी तो मिळाला होता त्याला तोवर ८५ वर्षं झाली होती.

आज हेज कोड नाही, लग्नावरची बंदी नाही. पण बाजाराची भीती अजून आहे. २०१५ मध्ये 'स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स'च्या चीनमधल्या पोस्टरवर जॉन बोयेगा या काळ्या अभिनेत्याचं चित्र लहान केल्यावरून वाद झाला होता. पुढं २०२० मध्ये बोयेगाने स्वतः जाहीरपणे तक्रार केली की आपल्यासारख्या कलाकारांना जाहिरातीत पुढं ठेवलं आणि गोष्टीत मागं ढकललं. ॲनाच्या काळात दक्षिणेकडची थिएटर्स काय म्हणतील याची भीती होती, आता कुठल्या देशात सिनेमा अडकेल याची आहे.

म्हणूनच फिन आणि रोझचं, किंवा फिन आणि पोचं काय झालं म्हणून फॅन्स भांडतात तेव्हा त्याला पोरखेळ म्हणून सोडून देता येत नाही. कुणाला पोस्टरवर घेतलंय हे लगेच दिसतं. खरी परीक्षा पुढं असते. गोष्टीत त्याच्यावर कुणी प्रेम करतं का, त्याच्यासाठी कुणी थांबतं का आणि शेवटच्या रिळापर्यंत तो जिवंत राहतो का. ॲना मे वाँगने साठ-एक सिनेमे केले. त्यातल्या फार थोड्या सिनेमांत तिला हे तिन्ही एकत्र मिळालं. ते कसं दिसतं हे बघायचं असेल, तर 'डॉटर ऑफ शांघाय' शोधून बघा. तासाभराचाच आहे.